कॅमेरा घ्या, छप्पर मागू नका

फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाला काय द्यावं, या प्रश्नावर आम्ही उपनगरवासीयांनी जेवढं डोकं चालवलं आहे तेवढं क्वचितच कुणी चालवलं असेल. डिसेंबर आला की आम्ही ब्लँकेटं वाटतो. मुंबईत थंडी पडत नाही, ही गोष्ट आमच्या दातृत्वाच्या आड कधी येत नाही. बोरिवलीत पहाटे पारा सतरा-अठरावर आला की ‘मुंबई गारठली’ असा मथळा झळकतो आणि त्याच रात्री एखाद्या मंडळाचा टेम्पो हायवेच्या कडेला येऊन थांबतो. पितृपक्षात पुरीभाजी असते, उन्हाळ्यात ताक, चिरंजीवांच्या वाढदिवसाला केळी आणि पार्ले-जी. लग्नाच्या हॉलवर पुलाव उरला, तर रात्री साडेबाराला गाढ झोपलेल्या माणसाला हलवून उठवून तो खायला घालण्याइतकी माया आमच्यात आहे. दिलेलं ब्लँकेट तो मे महिन्यात कुठे ठेवतो, असल्या खासगी चौकशा आम्ही करत नाही. ते रेलिंगला बांधून ठेवलेलं असतं. एक दिवस पालिकेची गाडी येते आणि बोचक्यासकट उचलून नेते. त्यामुळे पुढच्या डिसेंबरात पुन्हा वाटायला आम्ही मोकळे.

या यादीत एक जिन्नस राहून गेला होता, तो म्हणजे कॅमेरा.

कल्पना साहेबाच्या देशातली. लंडनमध्ये २०१२ साली पॉल रायन आणि मायकल वाँग यांनी ‘कॅफे आर्ट’ नावाची संस्था काढली. बेघर लोकांनी काढलेली चित्रं कॉफीच्या दुकानांत लावायची, असा सुरुवातीचा बेत. पुढे त्यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलपाशी बेघरांना बोलावून फुजीफिल्मचे शंभर कॅमेरे वाटले. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या मंडळींनी थोडं शिकवलं आणि सांगितलं, ‘माझं लंडन’ काढून आणा. आलेल्या फोटोंतले निवडक घेऊन दरवर्षी कॅलेंडर निघू लागलं. तोच कित्ता पुढे मुंबईत गिरवला गेला. बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘पहचान’ या संस्थेच्या पुढाकाराने पन्नासेक जणांच्या हाती तसेच कॅमेरे पडले आणि ‘माय मुंबई’ झालं.

हा निव्वळ वेडेपणा आहे, असं काही व्यवहारी माणसं म्हणतात. ज्याला आंघोळीला पाणी नाही त्याला कॅमेरा कशाला? त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच या वेडेपणाची तारीफ करायला हवी. ज्याला पाणी नाही त्याला पाणी देण्यात विशेष काय आहे? ते कुणालाही सुचेल. पालिकेलासुद्धा सुचू शकेल.

आधी तो कॅमेरा नीट पाहून घ्या. प्लॅस्टिकची डबी, वर पुठ्ठ्याचं वेष्टण, आत सत्तावीस फोटोंचा रोल. अंगठ्याने दातेरी चाक करकर फिरवायचं, ते अडलं की कॅमेरा तयार. फ्लॅशचं बटण दाबून दिवा लागेपर्यंत थांबायचं. फोकस नाही, झूम नाही, मागे पडदा नाही. काय आलं ते रोल धुतल्याशिवाय कळत नाही. सत्तावीस संपले की खेळ खलास, डबी लॅबवाल्याकडे जाते आणि परत येत नाही. आमच्या सोसायटीत गणपतीच्या पाच दिवसांत माणशी तीनशे फोटो निघतात, त्यातले दोनशे नव्वद आरतीच्या ताटापेक्षा काढणाऱ्याच्या अंगठ्याचे असतात. फुटपाथवरच्या माणसाला मात्र सत्तावीसच, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी त्याला विचार करावा लागतो. विचार करायला लावणारी वस्तू आपण गरिबाच्या हाती दिली, ही या योजनेतली पहिली चूक. असो.

मूर्खपणालाही घराणं लागतं, आणि हे घराणं चांगलं खानदानी आहे. जिम हबर्ड या वृत्तछायाचित्रकाराने १९८९ साली अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, बेघर मुलांच्या हाती कॅमेरे दिले. चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वाँग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी नव्वदच्या दशकात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले आणि त्यांचे फोटो सरकारी अधिकाऱ्यांपुढे मांडले. तेव्हापासून या पद्धतीला विद्यापीठांत मान मिळाला, म्हणजे त्यावर पेपर लिहिले जाऊ लागले. कोलकात्याच्या सोनागाछीत वेश्यावस्तीतल्या मुलांना एका परदेशी बाईंनी फोटोग्राफी शिकवली आणि त्यावरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळालं. त्या मुलांचं पुढे नेमकं भलं झालं का, याबद्दल बराच वाद आहे. ऑस्कर मिळालं, याबद्दल वाद नाही.

मुंबईचं योगदान तर जुनंच. ‘सलाम बॉम्बे’ १९८८ साली आला, रस्त्यावरच्या खऱ्या मुलांना घेऊन. नायक झालेल्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याने बंगळुरात रिक्षा चालवली. त्या सिनेमातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि तो आजही काम करतो, एवढं मात्र कबूल करायला हवं, नाहीतर आमच्या लेखाला गालबोट लागायचं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने तर फेब्रुवारी २००९ मध्ये आठ ऑस्कर नेले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यातल्या एका बालकलाकाराची वांद्र्याच्या गरीबनगरातली झोपडी पालिकेने पाडली. कलाकार म्हणून कुणाला सवलत नाही, सगळे नागरिक समान. एवढी निःपक्षपाती महापालिका जगात दुसरी नसेल.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. ही माणसं चुकीचे फोटो काढतात.

बेघराने कशाचा फोटो काढावा, याबद्दल आमच्या काही माफक अपेक्षा होत्या. उपाशी पोर, फाटकी चादर, सुरकुतलेला हात, शक्यतो कृष्णधवल. असे फोटो आमच्या कॅमेरा क्लबांची मंडळी दर रविवारी पहाटे लाखभराची लेन्स लावून काढतातच. त्यात थोडी आतल्या गोटातली भर पडेल, असं वाटलं होतं. पण लंडनच्या २०१६ च्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ पाहिलं तर त्यावर ऑलिंपिक पार्कातला रंगांचा उत्सव! आत पुलाखालचा उजेड, टायरवर टेकून बसलेली माणसं, भिंतीवर चित्र काढणारा चित्रकार. एकानेच काय ती अक्कल दाखवली आणि आपल्याजवळचं सगळं काही भरलेल्या पिशव्यांचा फोटो काढला. बाकीच्यांनी शहर काढलं. तुम्ही-आम्ही फिरायला जाऊन काढतो, तसलंच. म्हणजे त्यांनाही संध्याकाळचं ऊन आवडतं. त्यांनाही कुत्र्याचं पिल्लू आवडतं. हे कळल्यावर देणगीदाराची पंचाईत होते. दुःख दिसलं तर चेक फाडता येतो. संध्याकाळचं ऊन पाहून चेक कसा फाडणार?

दुसरी अडचण कोनाची. आपण फुटपाथवरच्या माणसाचा फोटो काढतो तो उभे राहून, वरून खाली. तो काढतो जमिनीवरून. अंधेरीच्या उड्डाणपुलाखाली पहाटे चारला जाग असलेल्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला बाराव्या मजल्यावरून दिसत नाही. स्टेशनबाहेर पेपरवाली पोरं पुरवण्या घडीत सारतात, दुधाच्या क्रेट आदळतात, खुर्चीत मान टाकून वॉचमन घोरत असतो आणि त्याच्या काठीवर कुत्रं झोपलेलं असतं. पाचला सार्वजनिक शौचालयाच्या खिडकीपुढे रांग लागते, तिथे आत जायचे पैसे आधी मोजावे लागतात. तीन विटांच्या चुलीवर खोक्याचा पुठ्ठा जाळून एक बाई चहा करते. पातेलं एकच, त्यामुळे चहा झाला की त्यातच भात. साडेसहाला शाळेची बस यायच्या आत तिने चूल मोडून विटा झाडामागे लपवलेल्या असतात. ते करावंच लागतं. पाच वर्षांच्या पोरालाही ‘गाडी आली’ हे दोन शब्द समजतात, आणि ते ऐकल्याबरोबर कुणी पातेलं उचलायचं, कुणी ताडपत्री, याची वाटणी ठरलेली असते. आणि मग पावणेसातला, नेमके आम्ही त्या चौकटीत शिरतो. पांढरे बूट, हातात काठी, नाकाला रुमाल, उजव्या हाताने ‘हटो हटो’ करत. हा फोटो कॅलेंडरात आला तर महिना कोणता द्यायचा?

कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता असं मात्र कुणी समजू नये. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर फुटपाथकडे तोंड करून कॅमेरे बसवलेले आहेत आणि ते रात्रंदिवस त्यांचंच चित्रण करतात. त्यातलं एकही प्रदर्शनात लावलेलं नाही. ही आमची विनयशीलता.

खरं तर उपनगराला दिसण्यापेक्षा न दिसण्याची कला जास्त साधली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० चे पाहुणे मुंबईत आले तेव्हा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेच्या वस्त्यांपुढे रातोरात कापडी पडदे आणि फलक लागले. विमानतळावरून हॉटेलात जाताना पाहुण्यांना फक्त पडदा दिसला, आणि पडदा स्वच्छ होता. पुलांखालची मोकळी जागा पाहा: कुठे कुंड्या, कुठे टोकदार दगड, कुठे जाळी, कुठे भिंतीवर फ्लेमिंगो. माणसाने पाठ टेकू नये म्हणून एवढी कलाकुसर दुसऱ्या कुठल्या शहराने केली असेल? ज्या पडद्यामागे माणसं झाकली, त्याच माणसांच्या हाती कॅमेरा देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मोठ्या चित्रांना जागा द्यायला मात्र आम्ही कधीच कमी पडलो नाही. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोलपंपाशेजारी १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक उभा होता. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. १३ मे २०२४ च्या वादळात तो कोसळला आणि १७ माणसं गेली. चौदा हजार चारशे चौरस फूट झाले ते. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारच्या योजनेत माणशी ५० चौरस फूट सांगितले आहेत. त्या हिशेबाने एका जाहिरातीच्या जागेत २८८ माणसं पाय पसरून झोपली असती. पण जाहिरात भाडं देते.

निवाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असलेला निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबई होती १,२४,४२,३७३. म्हणजे १२४ निवारे झाले. आहेत ते या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. पालिकेकडे पैसे नसतील म्हणावं, तर २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. यातून एकच निष्कर्ष निघतो: निवारा ही चैन आहे आणि पालिका काटकसरी आहे.

म्हणून कॅमेरा. अंधेरीत एका चौरस फुटाचा जो भाव चालू आहे, त्यात असले वीस कॅमेरे सहज येतात. एका माणसाला नियमाप्रमाणे ५० चौरस फूट द्यायचे तर त्या पैशात हजार कॅमेरे झाले. एकाला छप्पर द्यायचं की हजारांना अभिव्यक्ती? कुठल्याही कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागाला विचारा. छपराचा उद्घाटन सोहळा एकदाच होतो, शिवाय नंतर ते गळतं आणि लोक तक्रार करतात. प्रदर्शनाचं तसं नाही. समई, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, आणि कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून उभा असलेला छायाचित्रकार, ज्याला खुर्चीवर बसायचं की नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. संध्याकाळी हॉल रिकामा करायचा असतो. फोटो गुंडाळून संस्थेच्या कपाटात जातात, पाहुणे मुलुंडला, आणि छायाचित्रकार जिथून आला तिथे. त्या रात्री तिथे दुसरं कुणी झोपलेलं नसेल तर.

कॅलेंडरची कल्पना तर मला फारच पसंत आहे. मराठी घरात कॅलेंडर कुठे असतं? स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला. साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केल्यापासून त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाईची सुट्टी आणि चतुर्थीचा चंद्रोदय हे सगळं एका कागदावर मावतं. म्हणजे कॅलेंडर लावायला आधी खिळा लागतो, खिळ्याला भिंत आणि भिंतीला सातबारा किंवा निदान भाडेपावती. ज्यांनी त्यातले फोटो काढले त्यांच्यापाशी यातलं काहीच नाही. त्यामुळे बारा महिने त्यांचे, पण पाहणार आम्ही. दुष्काळात तेरावा महिना छापायचा असेल तर तेवढा त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल.

बोरिवलीकर या नात्याने इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. आमच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबळ्यांची गणना कॅमेऱ्यानेच होते. रात्री वाटेवर कॅमेरा लावून ठेवतात, बिबळ्या समोरून गेला की तो आपोआप टिपला जातो, आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून कोण कोणता हे अभ्यासक ओळखतात. २०१५ मध्ये ३५ निघाले, २०१८ च्या गणनेत ४७. प्रत्येकाची वेगळी नोंद, प्रत्येकाचा फोटो. बिबळ्याकडे कुणी रेशन कार्ड मागत नाही.

बेघराचंही थोडंफार तसंच आहे, फक्त ठिपक्यांची सोय नाही. त्याला मतदार व्हायचं असेल तर निवडणूक आयोगाने फार सुंदर व्यवस्था केली आहे. पत्त्याचा पुरावा नको. अर्जात झोपण्याची जागा लिहायची, आणि मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तिथे येऊन तो माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते बघणार. आता त्या रात्री नेमकी पालिकेची गाडी आली, पाऊस आला किंवा पोलिसाने उठवून पुढच्या सिग्नलला पाठवलं, तर तो झोपत नव्हता असं ठरतं. लोकशाहीत जागं राहावं लागतं म्हणतात. इथे मताचा हक्क झोपून मिळतो, तोही ठरलेल्या जागी. फ्लॅटमालक रात्री घरी झोपतो की नाही, याची चौकशी आयोग करत नाही. ते प्रांत वेगळे.

कायद्याच्या बाजूनेही कॅमेऱ्याचा मोठा आधार आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा. तो महाराष्ट्रात अजून चालू आहे. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत हात पसरण्याबरोबरच आणखी एक गोष्ट बसवली आहे: उपजीविकेचं डोळ्यांना दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं. असा माणूस सापडला तर त्याची रवानगी भिक्षेकरी गृहात होऊ शकते, चेंबूरला आहे ते. दिल्लीत २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने या कायद्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली, पण आपण दिल्लीचं अनुकरण का करावं? गळ्यात कॅमेरा असला की उपजीविकेचं साधन स्वच्छ दिसतं. मग तो चोरीचा नाही, एवढंच सिद्ध करायचं उरतं.

आणि काम तर या लोकांनी करायलाच हवं. ‘पहचान’चे ब्रिजेश आर्य यांनी बेघरांना जेवण, पाणी, निवारा आणि स्वच्छतागृह मिळावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. जुलै २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, न्यायालयाने ती निकाली काढताना सुनावलं की बेघरांनीही देशासाठी काम करावं, सगळंच सरकार पुरवू शकत नाही, सगळ्या मागण्या मान्य करणं म्हणजे काम न करण्याचं निमंत्रण देण्यासारखं होईल. मी लगेच आमच्या उपनगरांत पाहणी केली. अंधेरीच्या सिग्नलला गजरे विकणारी बाई पहाटे फुलं आणायला गेलेली होती. नाक्यावर पुरुष घमेलं-फावडं घेऊन मुकादमाची वाट बघत उभे होते. कचऱ्यातून प्लॅस्टिक वेचणारी म्हातारी आमच्याच सोसायटीचा ओला-सुका वेगळा करत होती, जो आम्ही वेगळा करावा म्हणून पालिका आम्हाला नोटिसा पाठवते. लग्नाच्या हॉलवर वाढपी म्हणून जाणारी पोरं रात्रपाळी करून आली होती. म्हणजे तो साडेबाराचा पुलाव त्यांनीच आधी वाढलेला होता. देशासाठी काम करणारा एकही बेघर मला सापडला नाही. सगळे आमच्यासाठीच करत होते.

न्यायालयांचा विषय काढला की १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवासीयांना मुंबईबाहेर घालवून देण्याचा हुकूम अंतुले सरकारने काढला, त्यातून ते प्रकरण उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आहे. त्यातच पुढे असंही आहे की फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणाला नाही, योग्य नोटीस देऊन हटवता येईल. इतका समतोल निकाल की दोन्ही बाजूंनी तो अजून उद्धृत होतो, आणि माणसं अजून हटवली जातात.

आता माझी एक नम्र सूचना. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत बेघर माणसं ५७,४१६. हा आकडा खरा किती याच्या खोलात शिरायचं नाही, सरकारी आहे म्हणजे मोठ्या मनाने मान्य करायचा. पन्नासांपाशी थांबण्यापेक्षा सगळ्यांनाच कॅमेरे द्या. प्रत्येकी सत्तावीस म्हणजे १५,५०,२३२ फोटो. चार बाय सहा इंचांचे छापले तर सहा फोटोंना एक चौरस फूट होतो. म्हणजे माणशी साडेचार चौरस फूट. ओळीने चिकटवून पांघरले तर गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसाचं डोकं आणि एक खांदा झाकला जातो. फोटोचा कागद गुळगुळीत असतो, पहिल्या दोन-तीन सरी तरी निघून जातील. उरलेल्या साडेपंचेचाळीस चौरस फुटांसाठी दुसरा रोल देता येईल, तिसरा देता येईल. अकराव्या-बाराव्या रोलला सरकारी निकष पुरा होतो. एवढा स्वस्त निवारा कुठल्याही वास्तुशास्त्रज्ञाला सुचलेला नाही.

कुणी म्हणेल, आता कॅमेऱ्याचं काय कौतुक, मोबाइल प्रत्येकाकडे आहे. फुटपाथवरच्यांकडेही आहे, पानटपरीवर पैसे देऊन चार्ज करतात, रात्री डोक्याखाली ठेवून झोपतात आणि सकाळी बहुधा तो तिथे नसतो. त्याच्यावर ते काय फोटो काढतात, हे आम्हाला कुणी दाखवलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. मध्ये संस्था नाही, पाहुणे नाहीत, निवड समिती नाही. असल्या फोटोंना कला म्हणायचं कसं? त्यात गाडी येऊन बोचकी भरतानाचे व्हिडिओही असतील. ते बघायला हॉल बुक करावा लागत नाही, एवढ्यासाठीच ते कुणी बघत नाही.

राहता राहिली मोजणी. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता ती २०२७ ची आहे. बेघरांची मोजणी करायची रीत अशी की फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री कर्मचारी हातात कागद घेऊन पुलांखाली, फलाटांवर, देवळांच्या ओट्यांवर फिरतात. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. त्या एका रात्रीत जो जिथे सापडेल तो तिथला, जो सापडणार नाही तो दहा-पंधरा वर्षं नाही. तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या समस्त सोसायट्यांच्या सन्माननीय सेक्रेटरींना हात जोडून विनंती आहे: तेवढी एक रात्र वॉचमनला सांगून गेटसमोरचा फुटपाथ रिकामा करून घेऊ नका. झोपू द्या त्यांना. मोजून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ऑफिसला फोन करायला तुम्ही मुखत्यार आहातच.